पडणारच आहेत, म्हणून?

चार वर्षांच्या मुलाच्या दाढेत काळा खड्डा दिसला की घरात सल्लागारांचा तुटवडा पडत नाही. आजी म्हणते, "दुधाचे दात आहेत, पडणारच." काका म्हणतात, "एवढ्याशा पोराच्या तोंडात मशीन घालायचं? मोठा होऊ दे, मग बघू." शेजारचे निवृत्त गृहस्थ निकाल देतात, "सगळा डेंटिस्ट लोकांचा धंदा आहे. आमच्या वेळी कुठे होतं हे?" मुलाचे रडणे ज्यांना ऐकवत नाही ते आईबाप या तीन वाक्यांच्या आधारावर सहा महिने काढतात. वाक्ये मायेपोटी आलेली असतात, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यांच्या खरेपणाबद्दल. तिन्ही वाक्ये अर्धवट माहितीवर उभी आहेत आणि त्यांची किंमत बोलणाऱ्याला मोजावी लागत नाही. ती मोजते ते मूल.

पहिले वाक्य आधी घेऊ. दुधाचे दात पडतात, हे खरेच. पण कधी? हे दात एकूण २०. पहिला साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. मूल सहा-सात वर्षांचे झाल्यावर समोरचे दात हलू लागतात. "पडणारच" म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पहिलीतल्या मुलाचे हे बोळके हसू असते. भरायचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा दाढांचा असतो, आणि दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेली दाढ "पडेल आपोआप" म्हणून सोडून द्यायची, तर बालवाडीपासून जवळजवळ पाचवीपर्यंत मुलाने त्याच दाढेने जेवायचे. मोठ्या माणसाला कोणी सांगेल का, की तुझी दाढ किडली आहे, सहा वर्षे कळ काढ?

शिवाय कीड काही वाट बघत थांबत नाही. दुधाच्या दातावरचे इनॅमल पातळ असते, त्याखालचा थरही कमी जाडीचा, आणि आतली नस दाताच्या मानाने मोठी व पृष्ठभागाच्या जवळ. त्यामुळे मोठ्यांच्या दातात जो प्रवास सावकाश होतो, तो इथे काही महिन्यांत उरकतो. आधी गोड लागले की कळ येते. मग घास अडकू लागतो आणि मूल एकाच बाजूने चावू लागते. मग एका रात्री ठणका लागतो, पोर जागे, घर जागे. मेडिकलमधून वेदनाशामक सिरप येते, कापसाच्या बोळ्यावर लवंगेचे तेल येते. काही दिवसांनी दुखणे थांबते आणि घरातले म्हणतात, "बघा, बरं झालं की!" हा सगळ्यात फसवा टप्पा. दुखणे थांबते, कारण पुष्कळदा नस मेलेली असते. पुढे मुळाशी पू होतो, हिरडीवर पुळी येते, कधी गाल सुजतो. लवंगेच्या तेलातले युजेनॉल वेदना खरोखर बधिर करते, दंतवैद्यही ते तात्पुरत्या मसाल्यात वापरतात; पण खड्डा त्याने बुजत नाही. उलट कच्च्या तेलाने मुलाची हिरडी भाजू शकते आणि ते पोटात गेले तर लहान मुलाला अपाय होतो.

या दाढेखाली कायमचा दात घडत असतो. वर पू साचत राहिला तर त्या घडणाऱ्या दाताचे इनॅमल बिघडू शकते. तो उगवतो तेव्हाच त्यावर पांढरे-तपकिरी डाग किंवा खड्डे असतात. असा दात दंतवैद्यकाला चांगला माहीत आहे, त्याला टर्नरचा दात असे नावही आहे. "पडणाऱ्या" दाताची हेळसांड न पडणाऱ्या दाताच्या अंगावर अशी निघते.

दुसरे नुकसान जागेचे. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसे दुधाची दाढ खालून येणाऱ्या दातासाठी जागा धरून बसलेली असते. साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्या आधी काहीच पडत नसल्याने बरेच पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि "पडणारच" या हिशेबात धरून गमावतात. पुढची दुधाची दाढ किडून अकाली काढावी लागली, तर ही मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. मग आठवी-नववीत तारा लावण्याचा खर्च येतो, आणि तोही "हल्लीच्या मुलांची फॅशन" म्हणून हिणवला जातो. दाढ काढावीच लागली तर जागा राखणारी पट्टी बसवता येते, पण वेळेवर भरलेल्या दाढेइतकी चांगली पट्टी अजून कोणी बनवलेली नाही.

आता "आमच्या वेळी कुठे होतं?" आमच्या वेळी होते, फक्त मोजले जात नव्हते. ज्या पिढीचा हा दावा आहे, तिच्यातल्या किती जणांची कवळी रात्री पाण्यात असते, हे प्रत्येकाने आपापल्या घरात पाहावे. आणि आता आकडे मोजलेले आहेत. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत ५ वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या दातांना कीड आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५१ कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. इतक्या मुलांचे दुखणे "त्यात काय एवढं" या सदरात टाकता येत नाही.

जुन्या पिढीच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे: तिच्या बालपणी खाण्याच्या वेळा ठरलेल्या होत्या. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात, आम्लता एका मर्यादेपलीकडे गेली की इनॅमलमधले खनिज झिरपू लागते, आणि लाळ ते हळूहळू परत भरून काढते. लाळेला त्यासाठी उसंत लागते. स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात व्हिपेहोल्म इथे मतिमंद रुग्णांवर एक प्रयोग झाला. आज त्याला कोणीही परवानगी देणार नाही, पण त्यातून निघालेला निष्कर्ष टिकून आहे: जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये खाल्लेली चिकट मिठाई दातांचे कितीतरी जास्त नुकसान करते. सणाच्या जेवणातली पुरणपोळी दात किडवत नाही. किडवते ते सकाळचे दुधात बुडवलेले बिस्किट, व्हॅनमधले टॉफीचे पाकीट, संध्याकाळचे पॅकबंद सरबत आणि झोपताना तोंडात राहिलेली गोड दुधाची बाटली. आजोबांच्या बालपणी हे नव्हते, म्हणून त्यांच्या बालपणीचा न्याय नातवाच्या दाढेला लागू होत नाही.

राहिले "धंदा" हे वाक्य. ते सरसकट झटकून टाकण्यासारखे नाही. गरज नसताना दात कोरणारे दवाखाने आहेत, पहिल्याच भेटीत आठ दातांचे पॅकेज पुढे करणारेही आहेत. प्रत्येक डागाला भराव लागत नाही. हिरडीलगतचा खडूसारखा पांढरा डाग ही किडीची पहिली पायरी असते. फ्लोराइड, घासणे आणि खाण्यातली शिस्त यांनी ती तिथेच थांबू शकते. म्हणून पालकांनी प्रश्न विचारावेत. खड्डा कुठवर गेला आहे? एक्स-रेमध्ये दाखवा. न कोरता थांबवता येईल का? तीन महिने थांबलो तर काय धोका? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. उत्तर पटले नाही तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. पण काही दवाखाने वाईट आहेत, यावरून दाढ किडलेली नाही असे सिद्ध होत नाही.

या वाक्याला अलीकडे शास्त्राचाही टेकू दिला जातो, तेव्हा त्याचाही समाचार घ्यायला हवा. ब्रिटनमध्ये ३ ते ७ वर्षांच्या ११४४ मुलांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटात कीड कोरून दात भरले, दुसऱ्यात कीड न कोरता आतच बंद केली, तिसऱ्यात फक्त प्रतिबंधक उपाय केले. सुमारे तीन वर्षांनी पाहिले तर दुखणे किंवा पू होण्याच्या प्रमाणात तिन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. "म्हणजे भरून उपयोग नाही!" असा याचा अर्थ लावणाऱ्यांनी पुढचे वाचलेले नसते. तिसऱ्या गटाला घरी बसवलेले नव्हते. ती मुले दंतवैद्याच्या नियमित देखरेखीखाली होती, त्यांना फ्लोराइड मिळत होते, आहार आणि घासणे यांवर पालकांशी बोलणे होत होते. काहीच न करणारा गट त्या चाचणीत नव्हताच. आणि तिन्ही गटांत सुमारे ४० टक्के किंवा त्याहून अधिक मुलांना कधी ना कधी दुखणे किंवा पू झालाच. यातून दोन धडे निघतात. ड्रिल हा एकमेव रस्ता नाही, हा पहिला. कीड खोलवर गेल्यावर कोणताही रस्ता निर्धोक उरत नाही, म्हणून लवकर जावे, हा दुसरा. "पडणारच"वाल्यांच्या पदरात या चाचणीने काहीही टाकलेले नाही.

खरे तर "एवढ्याशा पोराच्या तोंडात मशीन" हे चित्रच आता जुने झाले आहे. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून एक पद्धत वापरली: इंजेक्शन नाही, कोरणे नाही, किडलेल्या दुधाच्या दाढेवर स्टीलची तयार टोपी सिमेंटने बसवायची. आत अन्न पोहोचत नाही, कीड उपाशी राहते, आणि वेळ झाली की दाढ टोपीसकट पडते. टांझानियात १९८० च्या दशकाच्या मध्यात हातांच्या हत्यारांनीच मऊ कीड काढून ग्लास आयोनोमर सिमेंट भरण्याची रीत सुरू झाली. तिला वीजही लागत नाही. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव ब्रशने लावले की कीड बऱ्याचदा थबकते. दात काळा पडतो, हा त्याचा तोटा, तो आधी सांगायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे द्रव आणि ते सिमेंट, दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. "चांदी भरणे" म्हणजे पाऱ्याचे मिश्रण. त्याचा वापर १५ वर्षांखालच्या मुलांत करू नये, असे मिनामाता करारातील देशांनी २०२२ मध्ये ठरवले. काकांच्या मनातले मशीन बंद पडून बरीच वर्षे झाली. काका तेवढे तिथेच आहेत.

काकांचा दुसरा मुद्दा, "मोठा होऊ दे, मग सहन करेल," हा तर उलट्या बाजूने चालतो. खड्डा लहान असतो तेव्हा काम दहा-पंधरा मिनिटांचे असते, पुष्कळदा इंजेक्शनही लागत नाही. खड्डा नसेपर्यंत गेला की नसेचे उपचार, टोपी, नाहीतर दाढ काढणे. वर्षभर थांबून मूल एका वर्षाने मोठे होते आणि काम चार पटींनी. त्यातही रात्रभर ठणक्याने जागलेले, सुजल्या गालाचे मूल आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसते, तेव्हा त्याच्या आठवणीत दवाखाना आणि वेदना एकत्र शिवल्या जातात. दवाखान्याची भीती अशी घडते. पहिली भेट काहीही दुखत नसताना, शक्यतो पहिल्या वाढदिवसाच्या आसपास व्हावी, असे बालदंततज्ज्ञ सांगतात ते यासाठीच. त्या भेटीत दात मोजायचे, खुर्ची वर-खाली करायची आणि घरी यायचे.

आता आपण मोठी माणसे मुलाला तिथे नेतो कसे, ते पाहू. पहिला मार्ग धाकाचा: "ब्रश केला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील." वर्षभर ज्या माणसाचा बागुलबुवा केला, त्याच्यासमोर एके दिवशी "आ कर राजा" म्हणायचे. दुसरा मार्ग थापेचा: "काही करणार नाहीत, नुसतं बघणार आहेत." सुई टोचली की मुलाला दोन गोष्टी कळतात, डॉक्टर टोचतात आणि आई खोटे बोलते. पहिली विसरली जाते. तिसरा मार्ग लाचेचा: "रडला नाहीस तर मोठं चॉकलेट." ज्या कारणाने दाढ गेली, त्याचेच बक्षीस! शिवाय एवढी मोठी लाच मिळतेय म्हणजे आत काहीतरी भयंकर आहे, हा निष्कर्ष चार वर्षांचे मूलही काढते. चौथा मार्ग जोराचा: हात-पाय धरा, दोन मिनिटांचे काम आहे. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याची पद्धत एके काळी पाठ्यपुस्तकांत होती. अमेरिकेच्या बालदंतवैद्यक अकादमीने २००६ मध्ये ती आपल्या मार्गदर्शनातून काढून टाकली. तिथे पुस्तकातून गेलेली गोष्ट आपल्याकडे घरच्यांच्या आग्रहाने टिकू नये.

मग करायचे काय? फार काही लागत नाही. सकाळची वेळ घ्यावी, मूल झोपून उठलेले आणि थोडे खाल्लेले असावे. खरे सांगावे, पण मुलाच्या मापाने: "दाढेत घाण साचली आहे, डॉक्टर ती काढून खड्डा बुजवणार. आवाज येईल, पाणी उडेल." सुई लागणार असेल आणि मुलाने विचारले, तर "नाही" म्हणू नये. "आधी गार मलम लावतील, मग क्षणभर टोचेल, मग ओठ जाड झाल्यासारखा वाटेल" हे उत्तर पुरते. "घाबरू नको" हे वाक्य घरी ठेवून जावे; ते ऐकेपर्यंत मूल घाबरलेले नसते. आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे, ही रीत बालदंतवैद्यकात १९५९ पासून नावानिशी रूढ आहे. चांगला डॉक्टर आधी हवेचा फवारा मुलाच्या नखावर मारून दाखवतो आणि "थांबावंसं वाटलं तर डावा हात वर कर" असे ठरवून घेतो. मुलाने हात वर केला आणि डॉक्टर खरोखर थांबला, की पुढचे अर्धे काम सोपे होते.

या वेळी आईबापांचे काम एकच: हात धरून गप्प बसणे. डॉक्टर, आई, बाबा आणि मावशी चौघे एकदम सूचना देऊ लागले तर मूल कोणाचेच ऐकत नाही. रडले तर रडू द्यावे. तोंड उघडे ठेवून रडणारे मूल सहकार्यच करत असते. त्याला "मोठा झालास ना, मुली रडतात" असले काही ऐकवू नये. नंतर कौतुक नेमके करावे: "आवाज आला तरी तू तोंड उघडं ठेवलंस." भूल उतरेपर्यंत दोन-तीन तास लक्ष ठेवावे, बधिर ओठ गंमत म्हणून चावून मुले जखम करून घेतात. मूल फारच लहान असेल, एकाच वेळी अनेक दाढा करायच्या असतील, तर लाफिंग गॅस किंवा इस्पितळात भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली पूर्ण भूल हेही पर्याय आहेत. ते निवडणारे पालक हरलेले नसतात.

आणखी एका सल्ल्याचा प्रतिवाद राहिला. तो तोंडाने कमी आणि नजरेने जास्त दिला जातो: "आईचं लक्ष नाही." किडलेल्या दाढेचा खटला आपल्याकडे नेहमी आईवर चालतो, रोज बिस्किटांचा पुडा आणणारे आजोबा आणि रात्री घासणे टाळून झोपवणारे वडील साक्षीदारांच्या बाकावर बसतात. या शरमेपोटी कितीतरी आया दाढ लपवतात, लांबणीवर टाकतात. दाढ भरून घ्यायची असेल तर आधी हा खटला मागे घ्यावा लागेल.

खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण त्यालाही वाट आहे. ० ते १८ वयाच्या मुलांसाठीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. अंगणवाडी आणि शाळेत होणाऱ्या त्याच्या तपासणीत किडलेले दातही येतात आणि पुढच्या उपचारासाठी मुलाला पाठवले जाते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. शाळेत आलेल्या पथकाने हाती दिलेली चिठ्ठी दप्तरात चुरगळू देऊ नका, एवढी विनंती.

भरलेल्या दाढेने काम संपत नाही. कारणे तीच राहिली तर शेजारची दाढ रांगेत उभी असते. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचे घासणे मोठ्यांनीच करायचे; तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या ज्या गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे हे डॉक्टरला विचारून ठरवावे. रात्री घासल्यानंतर पाण्याखेरीज काही नाही.

मुलाला रडताना पाहवत नाही म्हणून दाढ न भरणारे पालक मुलाचे रडणे टाळत नाहीत. ते दिवसाच्या अर्ध्या तासाचे रडणे रात्रीच्या ठणक्यावर ढकलतात. दुधाचे दात पडणारच आहेत. तोवर मुलाला त्यांनीच जेवायचे, बोलायचे आणि हसायचे आहे. आज रात्री दिव्याखाली मुलाचे तोंड उघडून दाढा पाहा, आणि काळे काही दिसले तर याच आठवड्यात दाखवून या.